सहा वर्षांचं ‘अच्छा’

खानझोडे काकूंच्या टेबलावर नेहमी कुणाची तरी छाती पडलेली असायची. जुन्या एक्स-रे फिल्मा. बहुतेक काकांच्याच, काकांना छातीचा जुना त्रास होता आणि कारखान्याच्या दवाखान्यातून दर काही महिन्यांनी एक नवी फिल्म घरी येई. काकू तिचे वीतभर लांबीचे तुकडे करत आणि प्रत्येक तुकड्याच्या मधोमध ब्लेडनं एक फट पाडत, बरोबर एका ओळीएवढी. असा तुकडा पुस्तकावर ठेवला की बाकीचं पान झाकलं जाई आणि फटीतून एकच ओळ दिसे. फिल्म उजेडाकडे धरली तर त्या फटीच्या वर आणि खाली काकांच्या बरगड्या दिसत.

"सगळं पान एकदम अंगावर आलं की पोरं भिऊन जातात," काकू म्हणायच्या. "एकेक ओळ आली तर भिडता येतं."

काका आतल्या खोलीतून ओरडत, "म्हणजे माझ्या छातीवर बसून शाळा शिकून राहिले सगळे!"

भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, पिपलानीत, आमचं क्वार्टर त्यांच्या समोर होतं. मधे फक्त जिना. बाबा इंजिनियर, पुण्याहून या कारखान्यात लागलेले. आमच्या घरात पुण्याचं मराठी, माझ्या शाळेत इंग्रजी आणि खाली मैदानात हिंदी. मी तिन्ही भाषांमध्ये गप्प असायचे. काकू मात्र भोपाळच्याच शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या. राजधानी हलली तेव्हा त्यांचे वडील नागपूरहून कचेरीबरोबर भोपाळला आले होते, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात नागपूर आणि भोपाळ एका ताटात वाढल्यासारखं येई. जिन्यात भेटल्या की विचारत, "काय करून राहिली गं, गुपचुप?" हे माझं नाव त्यांनीच ठेवलं होतं. उत्तराची वाट न बघता त्या पुढे निघूनही जात. मला त्यांचं तेच आवडायचं.

उंच, हडकुळ्या, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. ती पेन्सिल त्या दिवसातून दहादा शोधत. टाउनशिपच्या कडेला असलेल्या सरकारी शाळेत त्या तिसरी ते आठवीला हिंदी शिकवत. कारखान्यातल्या इंजिनियरांची मुलं त्या शाळेत जात नसत. तिथे कंत्राटी कामगारांची, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची, भाजीच्या हातगाडीवाल्यांची मुलं असत. प्रत्येक वर्गात दोन-तीन मुलं अशी निघत की सांगितलेलं सगळं त्यांना समजे, पण छापलेलं अक्षर काही केल्या हाती लागत नसे. शाळेत त्यांना ‘कमजोर’ म्हणत. काकू हा शब्द वापरत नसत. त्या म्हणत, "हिला दिसतं. पण अक्षर थांबत नाही."

ही मुलं त्या दुपारी घरी घेऊन येत. स्टीलच्या मोठ्या परातीत रवा पसरलेला असे आणि मुलं त्यात बोटानं अक्षरं काढत. अक्षर चुकलं की परात हलवायची, रवा पुन्हा सपाट. खोडरबराची खूण राहत नाही, म्हणून रवा. संध्याकाळी काका कामावरून आले की परातीकडे बघून विचारत, "आज कशाचा उपमा? ‘भ’चा की ‘म’चा?" मुलं खुदखुदत. काकू म्हणत, "तुम्हाला ‘झ’चा देईन, जन्मभर खात राहाल."

एखादी मुलगी वाचताना चुकली तर काकू मधे कधी टोकत नसत. वाक्य पुरं होऊ देत आणि मग म्हणत, "दोन पाहुणे आले होते. जातील आपले चहा पिऊन. पुन्हा म्हण." चुकीला त्या पाहुणा म्हणत. आमच्या शाळेत चुकीला लाल गोल होता. मी जिन्यात बसून हे ऐकायचे आणि आपणही इथे शिकायला हवं होतं असं मला वाटायचं, जरी मला वाचायला कसलीच अडचण नव्हती.

मी आठवीत होते तेव्हा रेशमा काकूंकडे तिसरीत आली. तिचे वडील कारखान्याच्या गेटवर ट्रक रिकामे करणाऱ्या टोळीत होते. बारीक चणीची, मोठ्या आवाजाची मुलगी. तिला एकदा ऐकलेलं जसंच्या तसं म्हणता यायचं. काकांनी तिला कारखान्यातल्या त्यांच्या शॉपमध्ये मोटरची कॉइल कशी गुंडाळतात ते एकदा सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात काका एक पायरी विसरले तर तिनं आठवण करून दिली. पण ‘कमल’ हा शब्द तिला आज ओळखू येई आणि उद्या तोच शब्द परका होई. ती चिडायची. एकदा तिनं ती एक्स-रेची पट्टी जिन्यावरून खाली भिरकावली. काकू खाली जाऊन घेऊन आल्या, पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "काकांना लागलं असेल."

मग एके दिवशी त्यांनी आमची बेल वाजवली. हातात टेपरेकॉर्डर.

"गुपचुप, तू बोलत नाहीस. पण वाचतेस चांगली. मी ऐकलंय." आईकडे वळून म्हणाल्या, "वहिनी, हिचा आवाज मला उसना द्या."

त्या दिवसापासून रेशमाची हिंदीची, विज्ञानाची, सामाजिक अध्ययनाची पुस्तकं मी कॅसेटवर वाचू लागले. मी माझ्या खोलीत, दार लावून वाचायचे. अडखळले की सवयीनं "सॉरी" म्हणायचे आणि पुढे जायचे. एकदा ऐकली की रेशमाला ती पुन्हा लागत नसे, कॅसेट माझ्याकडे परत येई. दुसऱ्या दिवशी समोरच्या क्वार्टरमधून माझाच धडा, रेशमाच्या आवाजात, माझ्या सगळ्या विरामांसकट ऐकू येई. कुणीतरी आपलं इतकं लक्षपूर्वक ऐकतंय हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

रेशमाला सगळं येत होतं. फक्त वाचता येत नव्हतं. आणि शाळेच्या मूल्यांकनाच्या रजिस्टरमध्ये, ‘पठन-लेखन’ या रकान्यात, तिच्या नावापुढे काकू दर वर्षी एकच शब्द लिहीत: अच्छा.

मी एकदा विचारलं होतं. त्या मेथी निवडत होत्या. निवडता निवडता त्यांनी सावित्रीची गोष्ट सांगितली.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या वर्गात सावित्री नावाची मुलगी होती. चौथीत. रेशमासारखीच. तेव्हा काकूंना वाटे की खरं लिहिलं तर वरचे लोक काहीतरी सोय करतील. म्हणून त्यांनी रजिस्टरात प्रामाणिकपणे लिहिलं, ‘पढ़ नहीं पाती’, आणि तेच प्रगतिपत्रकावर उतरवून खाली सही केली. चार दिवसांनी तिचे वडील शाळेत आले, ते पत्रक हातात घेऊन. भांडले नाहीत. हात जोडून म्हणाले, "मैडम ने लिख के दे दिया, अच्छा हुआ। हम बेकार में भेज रहे थे।" सावित्रीचं नाव कमी झालं. पुढच्या वर्षी काकूंना ती एका बंगल्याच्या अंगणात फरशी घासताना दिसली. तिनं काकूंना नमस्ते केलं.

"तिनं नमस्ते केलं ना, तेच वाईट झालं," काकू म्हणाल्या. "तोंड फिरवलं असतं तर बरं झालं असतं." मेथीच्या काड्या वर्तमानपत्रात गुंडाळत त्यांनी विषय संपवला. "तेव्हापासून मी कुणालाच ‘येत नाही’ लिहिलं नाही. हेडसर दर वर्षी कमजोर पोरांची यादी काढतात. त्यांना मागच्या व्हरांड्यात बसवतात, पाणी भरायला लावतात, आणि मग घरच्यांना बोलावून सांगतात, घेऊन जा. माझ्या वर्गाची यादी कोरी जाते."

मला तेव्हा ते फार शूर वाटलं होतं. अजूनही कधी कधी वाटतं.

रेशमा सहावीत असताना तपासणीला साहेब आले. हा प्रसंग काकूंनी मला त्याच संध्याकाळी सांगितला, आणि त्यानंतर काकांनी प्रत्येक पाहुण्याला. साहेबांनी वर्गातून कुणालाही उठवायचं म्हणून नेमकं रेशमाला उठवलं. "पढ़ो बेटा।" पुस्तक हातात दिलं, धड्याचं नाव सांगून पान काढून दिलं. रेशमा उभी राहिली आणि खणखणीत वाचू लागली. वर पंखा जोरात होता. त्यानं पान उलटलं. मग आणखी एक. रेशमाचं लक्षच नव्हतं. तिचे डोळे पुस्तकावर होते आणि धडा मागच्या पानाचा चालला होता. आणि मधेच एका शब्दापाशी ती थांबली, म्हणाली, "सॉरी," आणि पुढे गेली. तिथे मी कॅसेटवर अडखळले होते.

काकू चालत गेल्या, पान मागे केलं आणि त्यावर बोट दाबून तशाच उभ्या राहिल्या, धडा संपेपर्यंत.

साहेब खूश झाले. खिशातलं पेन काढून रेशमाला दिलं. म्हणाले, "सरकारी स्कूल में ऐसा उच्चारण! और सॉरी भी बोलती है।"

काका ही गोष्ट सांगताना हसून हसून खोकत. रेशमा ते पेन कानामागे लावून पिपलानीभर फिरली. काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. "पोट ठीक नाही," म्हणाल्या. आई वरण-भात घेऊन गेली तर म्हणाल्या, "वहिनी, ती पोरगी आंधळ्यासारखी उभी होती हो पुस्तकासमोर. आणि सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या."

रेशमा आठवीत असताना काकूंना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. पहिल्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा उड्या मारायच्या बाकी होत्या. तळहातावर पेनानं शब्द लिहून आणला होता. डिस्लेक्सिया.

"नाव आहे बरं का! आपल्या पोरींना नाव आहे! इतकी वर्षं मी म्हणून राहिले, अक्षर थांबत नाही, अक्षर थांबत नाही. डॉक्टरांना माहीत आहे हे. अशा मुलांना बोर्डात लिहायला लेखनिक मिळतो. जास्त वेळ मिळतो."

दुसऱ्या दिवशी परतल्या तेव्हा तळहात कोरा होता. त्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की या सगळ्यासाठी प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्रासाठी शाळेची नोंद लागते. अडचण खालच्या वर्गांपासून दिसत होती, असं शिक्षकानं वेळोवेळी लिहिलेलं असायला हवं.

काकूंनी पाच वर्षं ‘अच्छा’ लिहिलं होतं. सहावं वर्ष हातात होतं. मूल्यांकन भरायला तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत मी त्यांना जिन्यात कितीतरी वेळा उभं पाहिलं, किल्ली हातात, दार न उघडता. हेडसरांना त्यांनी विचारून पाहिलं. ते म्हणाले, "पाँच साल अच्छा, और अब अचानक? जाँच बैठेगी मैडम। आपकी भी, मेरी भी। और लड़की तो पास हो ही रही है, दिक्कत क्या है?"

काकांनी सांगितलं, "खरं लिही. होईल ते होईल." पण काकूंना बहुतेक फरशी घासणारी सावित्री दिसत असावी. त्या म्हणाल्या, "नववीत गेली की तिथले मास्तर लिहितील. ताजी नोंद होईल. यंदा राहू दे."

त्यांनी सहाव्यांदा ‘अच्छा’ लिहिलं. आधीची पाच परिणाम न कळता झालेली म्हणता येतील. हे सहावं माहीत असून होतं, आणि पुढचं सगळं त्या एका शब्दातून आलं.

नववीच्या शाळेत एका वर्गात ऐंशी मुली होत्या. तिथे कुणी रेशमाबद्दल काही लिहिलं नाही. नाव तरी किती जणींना माहीत असेल. दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. काकूंनी शहरातल्या सरकारी दवाखान्यात तारीख मिळवली. रेशमा, काकू आणि मी सिटी बसनं गेलो. मला का नेलं, मी विचारलं नाही. रेशमा खिडकीशी बसून मला चिडवत होती. "दीदी, आज डॉक्टर के सामने तो बोलना। नहीं तो सर्टिफिकेट आपका बन जाएगा।"

डॉक्टर वयस्कर होते आणि चांगले होते, हे मला सांगायलाच हवं. त्यांनी रेशमाला एक उतारा दिला. अनोळखी. कॅसेटवर नसलेला. ती पहिल्या ओळीवर इतका वेळ थांबली की बाहेरच्या रांगेतली बाई दारातून डोकावून गेली. तिच्या ओठावर घाम आला. डॉक्टरांनी कागद हळूच काढून घेतला आणि तोच उतारा वाचून दाखवून प्रश्न विचारले. तिनं सगळे बरोबर सांगितले.

"दिख तो रहा है," ते म्हणाले. मग त्यांनी शाळेच्या नोंदींच्या प्रती पुढे ओढल्या. तिसरी. चौथी. पाचवी. पानं उलटत गेले. चष्मा काढला.

"इनमें तो हर साल ‘अच्छा’ लिखा है। ये दस्तखत किसके हैं?"

"मेरे," काकू म्हणाल्या.

"आपने लिखा है कि पढ़ना-लिखना अच्छा है।"

"झूठ लिखा है।"

डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं, मग रेशमाकडे. "समिति कागज़ देखती है, मैडम। स्कूल के बाहर का कोई है, जिसने इसे बचपन से देखा हो? जो बता सके?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

मी सात वर्षं पाहिलं होतं. माझ्याकडे कॅसेटींनी भरलेला बुटांचा खोका होता. मी मनातल्या मनात वाक्य जुळवू लागले. हिंदीत जुळवलं, ते बरोबर वाटेना म्हणून इंग्रजीत जुळवलं. तेवढ्यात शिपायानं पुढचा नंबर पुकारला आणि एक बाई तिच्या मुलाला घेऊन आत आलीसुद्धा. डॉक्टर म्हणाले, "आप लिख के दे दीजिए मैडम, मैं साथ लगा दूँगा।"

काकूंनी तिथेच बाकावर बसून लिहिलं. सहा वर्षं मी खोटी नोंद केली, मुलीला वाचता येत नव्हतं हे मला माहीत होतं, दोष माझा आहे. पूर्ण नाव, पद, शाळा, सही. रेशमा खांद्यावरून बघत होती. तिला ते वाचता येत नव्हतं. "क्या लिखा मैडम?" काकूंनी सांगितलं. ती हसायला लागली. "झूठ बोलना आपने सिखाया, और पकड़ी भी आप ही गईं!"

परत येताना बसमध्ये काकू मला त्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत. नंतरही कधी नाही. रागावल्या असत्या तर मला ते कुठेतरी ठेवता आलं असतं.

काही आठवड्यांनी पत्र आलं. मुलीच्या अडचणीला आधीच्या अभिलेखातून पुष्टी मिळत नाही. आणि ज्या शिक्षिकेनं स्वतःच सहा वर्षं चुकीची नोंद केल्याचं कबूल केलं आहे, तिचं आजचं निवेदन आधार म्हणून धरता येत नाही. काकांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "बरोबरच आहे की त्यांचं." मग काकूंचा चेहरा पाहून टीव्ही लावायला गेले.

रेशमा लेखनिकाशिवाय परीक्षेला बसली आणि दोन विषयांत नापास झाली. पुन्हा बसायला तयार झाली नाही. जवाहर चौकात एका टेलरिंगच्या दुकानात लागली. आईनं तिथे ब्लाउज शिवायला टाकले होते. ती सांगत आली की रेशमा मापं लिहूनच घेत नाही, वीस-वीस बायकांची मापं डोक्यात ठेवते, मालक कौतुक करतो. काकू स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. थापत राहिल्या. एकदा त्या जवाहर चौकापर्यंत गेल्या होत्या, हे मला काकांकडून कळलं. दुकानाच्या समोर रस्ता ओलांडायला उभ्या राहिल्या आणि अर्ध्या तासानं परतीच्या बसमध्ये चढल्या.

कबुलीपत्राची प्रत शाळेत पोचली होती. निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना काकूंना वर्गातून काढून कार्यालयात बसवलं. टपाल नोंदवायचं काम. तिथेच त्यांच्या हाताशी जुनी रजिस्टरं आली आणि त्यांनी आपल्या सहीची सगळी ‘अच्छा’ काढून पाहिली. सगळी खोटी नव्हती. पण नऊ मुलं अशी होती की ती अजून शाळेत होती, दहावीच्या खाली होती, आणि काकूंना नक्की माहीत होतं की त्यांच्या नावापुढचा तो शब्द खरा नाही. ती नावं त्यांनी एका वहीच्या पानावर लिहून घेतली.

रजिस्टरात फेरफार करायला हेडसर तयार नव्हते. त्यावर काकूंनी कुठून तरी शोधून काढलं की पालकांनीच लेखी अर्ज दिला, आमच्या मुलाला वाचायला त्रास होतो, तपासणी करा, तर शाळेला तो घ्यावा लागतो आणि त्या तारखेपासून नोंद सुरू होते. म्हणजे अजून वेळ होता. फक्त प्रत्येक आई-बापाला पटवायला हवं होतं. आणि पटवायचं म्हणजे आधी सांगायला हवं होतं की मी तुम्हाला खोटं सांगत आले.

त्या उन्हाळ्यात मी काकूंना स्कूटीवरून घरोघरी नेलं. मी खाली थांबायचे, त्या वर जायच्या. एका घरी त्यांना सरबत मिळालं आणि अर्जही. एका घरी मुलीची आई म्हणाली, "पागल का सर्टिफिकेट बनवाऊँ? फिर इससे शादी कौन करेगा?" काकू तिथे चार वेळा गेल्या. चौथ्या वेळी आईनं अंगठा दिला. तिला स्वतःलाही लिहिता येत नव्हतं. एका बापानं काकूंना सगळ्या गल्लीसमोर सुनावलं. काकू खाली आल्या, मागे बसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर बोलला तो. चल." त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. फार हलका.

रात्री त्यांना झोप लागत नाही, असं काका आईला सांगत. मधेच उठतात आणि विचारतात, नऊच आहेत ना हो? एखादं राहिलं तर नाही?

जुलैत मला पुण्याला नोकरी लागली. तोपर्यंत सहा अर्ज झाले होते. काकू पुढच्या थंडीत गेल्या. काकांनी फोनवर सांगितलं, झोपेतच. मी निघाल्यानंतरचं सगळं मला काकांकडूनच कळत राहिलं, तुटक तुटक. त्यामुळे मला काकू आठवतात त्या माझ्या निघण्याच्या दिवसाच्या.

दुपारी तीनची वेळ होती. माझी गाडी पाचची, सामान घेऊन बाबा परस्पर स्टेशनवर येणार होते. आई म्हणत होती जाऊ नकोस, पण काकू दारात पर्स घेऊन उभ्याच होत्या. "जवळच आहे. मला सोड आणि तशीच स्टेशनला जा. येईन मी पायी."

पिपलानीतच, दोन रस्ते पलीकडे. सातवं नाव. सहावीतला मुलगा, दीपक. वडील कारखान्यात क्रेनवर कामाला होते आणि सकाळची पाळी संपवून नुकतेच घरी आले होते. क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर, जिना रस्त्याच्या बाजूनं उघडा, त्यामुळे खालून सगळं दिसे आणि ऐकू येई. काकू वर गेल्या. कडी वाजवली. बनियनवर एक माणूस दारात आला.

"अरे, मैडम! आइए, आइए। दीपक, देख कौन आया।"

"बैठूँगी नहीं, भैया। एक बात कहनी है। दीपक को पढ़ना नहीं आता।"

"क्या बात करती हो मैडम। हर साल तो ‘अच्छा’ आता है। हमने सँभाल के रखा है सब।"

"वो मैंने झूठ लिखा था।"

काकूंनी पर्समधून अर्जाचा कागद काढला आणि समजावू लागल्या. तपासणी, डॉक्टर, बोर्ड, लेखनिक. चार वर्षं आहेत हातात, भैया, आत्ता दिला तर वेळ आहे. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. मग तो म्हणाला, अगदी सावकाश, "तीन साल से मैं अपने भाइयों को दिखा रहा हूँ वो कागज़।" आणि त्यानं दार लावलं. आपटलं नाही. नुसतं लावलं.

मी खालून हाक मारली, "काकू, चला. उद्या बघू." उद्या मी तिथे नसणार होते, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी खाली पाहिलं आणि हातानं खूण केली, जा, तुझी गाडी. मी घड्याळ पाहिलं. स्कूटी सुरू केली. कारखान्याचा भोंगा झाला आणि रस्त्यावर सायकली, स्कूटर दिसू लागल्या.

वळणावर मी मागे पाहिलं. काकू तिथेच होत्या, बंद दारापासून हातभर अंतरावर, कागद दोन्ही हातांत धरून. बाजूच्या खिडकीच्या जाळीला आतून एक मुलगा चिकटून उभा होता आणि त्यांच्याकडे बघत होता. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पदर नीट केला, कागद डाव्या हातात घेतला, आणि उजव्या हातानं पुन्हा कडी वाजवली.